दुभाषी डबा

१२ जानेवारी

छोट्या,

पार्सल आज रवाना केलं. बारा डबे आहेत, मोजून घे. प्रत्येक डबा जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलाय. बनियनं धुतलेली आहेत, तुझ्या वहिनीने जातीने खात्री केली.

गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले. मार्चपर्यंत प्रवास नाही म्हणतात. म्हणजे यंदाच्या प्रदर्शनाला मी नाही, निदान माझे डबे तरी जावेत. आपलं छोट्या आगगाड्यांचं मंडळ सोडून या गावी आल्यानंतर बनवलेले हे डबे तिथे कुणी पाहिलेलेच नाहीत. आजवर ते फळीवरून खिडकीपर्यंत धावलेत, बस. मंडळाच्या मोठ्या टेबलावर, चढावरून, लोकांसमोर एकदा धावले की मी भरून पावलो. आणि मावसभावाच्या हातून धावले तर आणखी काय हवं?

आता मुद्द्याचं. तुझं इंजिन आणि तुझे डबे एकमेकांना जोडतात ते पंजाच्या कपलिंगने, माझे हुक-कडीने. हुकाची आणि पंजाची सोयरीक जमत नाही. म्हणून एक डबा दुभाषी करायचा, एका टोकाला हुक, दुसऱ्या टोकाला पंजा. पुढे तुझी मंडळी, मध्ये दुभाषी, मागे माझी मंडळी. हिरव्या मालडब्याचं पुढचं टोक त्यासाठीच मोकळं ठेवलंय, स्क्रूची भोकंही पाडून दिलीत. पंजा बसवलास की उंची मोज. समोरच्या पंजाच्या बरोबर समोर यायला हवा. खाली आला तर सोबत दिलेल्या डबीतल्या पितळी चकत्या घाल, एक किंवा दोन. सपाटीवर जरा खालचा पंजाही ओढला जातो आणि माणूस फसतो. चढ लागला की पुढचा डबा उचलला जातो, मागचा खाली राहतो, आणि पंजातून पंजा निसटतो.

घाई करू नकोस. आणि काहीही चिकटवू नकोस, स्क्रू दिलेत ते शोभेला नाहीत.

फोन नको, पत्रच लिही. कारखान्याने माझ्या कानांचं पार वाटोळं केलंय, फोनवर मला तुझा नुसता गुणगुणाट ऐकू येतो.

दादा

२१ जानेवारी

दादा,

बारा डबे सुखरूप पोचले. बनियनं उत्तम आहेत, एक मी वापरायला काढणार होतो, बायकोने हिसकावून घेतलं.

एकेक डबा हातात घेऊन बघितला. लेथवर तेहतीस वर्षं पंपांचे भाग कातणाऱ्या माणसाने एवढी नाजूक दारं केलीत, यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

एक विचारू? सगळ्याच डब्यांना पंजे लावले तर? पंजा दिसायला खऱ्यासारखा, हात न लावता सुटतो, बघणारे खूश होतात. तुझे हुक कापून काढायला माझ्या लॅबमधल्या मशिनला पाच मिनिटं पुरतील. मग दुभाषाची भानगडच नको.

इकडे कवळ्यांचा ढीग पडलाय. दातांचे दोन नवे डॉक्टर मला काम देऊ लागलेत. दोघांनाही प्रदर्शनाला बोलावलंय. माझ्या हातात किती सफाई आहे ते कवळीत कुणाला दिसत नाही, कवळी घातलेला माणूस ती काढून दाखवत फिरत नाही. आगगाडीत दिसेल.

छोट्या

२८ जानेवारी

छोट्या,

तुझं मशिन माझ्या हुकांपासून चार हात लांब ठेव. एकेक हुक मी पितळी तारेतून वाकवलाय.

पंजा चांगला की हुक चांगला, हे भांडण मंडळात मी वीस वर्षं ऐकलं. दोन शहाणी माणसं त्यापायी एकमेकांच्या घरी जायची थांबली. माझ्यापुरतं विचारशील तर ज्याच्या गाडीला जे आहे ते चांगलं. वाईट असते ती अर्धवट जोडणी. दुभाषी एकच कर, पण नीट कर. तुझ्या डॉक्टरांना कवळीची सफाई त्यातसुद्धा दिसेल.

मंडळातल्या नकाशेवाल्या काकांना माझा नमस्कार सांग. त्यांचं पितळी इंजिन यंदा पहिल्यांदा टेबलावर येणार असं ऐकतो. नऊ वर्षं लावली त्यांनी. मला बघायला मिळालं असतं तर!

दादा

१३ फेब्रुवारी

दादा,

लिहायला उशीर झाला. कसं लिहावं ते कळत नव्हतं.

प्रदर्शन झालं. हॉल भरला होता. तुझे डबे सगळ्यांना आवडले. पण चढावर गाडी तुटली. मागचे डबे उतारावरून उलटे गेले. खाली बाजूच्या रुळावर नकाशेवाल्या काकांचं इंजिन आपल्या पाळीची वाट बघत उभं होतं. डबे त्याच्यावर आदळले आणि ते टेबलावरून फरशीवर पडलं.

इंजिनाचं बरंच नुकसान झालंय.

हुकांपैकी एखादा उघडला असावा, असं तिथे सर्वांचं मत पडलं. तू मनाला लावून घेऊ नकोस. गुडघा कसा आहे?

छोट्या

१९ फेब्रुवारी

छोट्या,

तुझं पत्र आणि मंडळाच्या सेक्रेटरींचं पत्र एकाच दिवशी आलं. तुझं आधी वाचलं ते बरं झालं.

सेक्रेटरींनी सभ्यपणे लिहिलंय. ‘आपल्या वयाचा विचार करता यापुढे घरी बनवलेली कपलिंग मंडळाच्या टेबलावर आणू नयेत.’ हे वाक्य तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं नाही, कागद घडी करून खिशात ठेवला.

नऊ वर्षं, छोट्या. नऊ वर्षं त्या माणसाने डोळ्यांत तेल घालून काम केलं आणि माझ्या तारेच्या एका तुकड्याने ते धुळीला मिळवलं. मी काकांना माफीचं पत्र टाकलंय. सोबत माझं काळं इंजिन पाठवलंय. त्यांच्या इंजिनाशी त्याची बरोबरी होत नाही हे मला कळतं. पण माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

कोणता हुक उघडला? कोणत्या दोन डब्यांमधला? डबे परत पाठव, मला स्वतः बघायचंय.

दादा

४ मार्च

दादा,

इंजिन पाठवायची काय गरज होती? मला विचारायचंस तरी.

डबे आज पाठवतोय. अकराच आहेत. हिरवा मालडबा त्या गोंधळात कुठे गेला ते कळलं नाही. हॉल झाडणाऱ्या बाईंनाही विचारलं. कोणता हुक उघडला ते गडबडीत कुणी पाहिलं नाही.

असं होतं कधी कधी. यंत्र म्हटलं की व्हायचंच. सोडून दे आता.

छोट्या

२५ मार्च

छोट्या,

अकराही डबे भिंगाखाली तपासले. एकही हुक उघडलेला नाही, वाकलेला नाही. दोनदा बघितलं, मग तिसऱ्यांदा.

याचा अर्थ दोनपैकी एक. एक तर दोष हिरव्या डब्यातच होता आणि तो गेला. नाहीतर दोष माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि मला तो दिसत नाही. दुसऱ्याची मला जास्त भीती वाटते.

सेक्रेटरींचं ते वाक्य वाचल्यापासून मी हात पुढे धरून बघतो. थरथरतात. मला आजवर दिसलं नव्हतं ते त्यांना इतक्या लांबून कसं दिसलं, याचंच आश्चर्य वाटतं.

छोटा लेथ तंत्रशाळेला देऊन टाकला. पोरं शिकतील त्यावर. हॉस्पिटलमधल्या चाकांच्या खुर्च्यांचे ब्रेक मी दुरुस्त करून देत असे, तेही बंद केलं. ज्याला खेळण्यातल्या डब्याचा हुक धड वाकवता येत नाही, त्याने माणूस बसतो त्या खुर्चीच्या ब्रेकला हात लावू नये.

काकांचं उत्तर नाही. त्यांचं बरोबरच आहे.

दादा

९ एप्रिल

भावोजी,

हे पत्र मी लिहिलंय ते ह्यांना माहीत नाही. तुमचं उत्तर आलं तर टपाल मीच घेते, तेव्हा काळजी नको.

हे दिवसभर मांडीवर हात ठेवून बसतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, जणू काचेचं काहीतरी दुसऱ्याचं आहे. परवा भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. पूर्वी माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत खाली उतरवलं असतं. आता म्हणाले, ‘बाहेर दे, मी बिघडवीन.’ हॉस्पिटलच्या सिस्टर दोनदा येऊन गेल्या. अकरा खुर्च्या नुसत्या पडून आहेत म्हणाल्या. हे आतल्या खोलीत बसून राहिले, मला सांगायला लावलं की झोपलेत. चाळीस वर्षांत ह्यांनी मला खोटं बोलायला लावलं नव्हतं.

मला आगगाडीतलं काही कळत नाही. पण ह्यांचे हात मी रोज बघते. थरथरत नव्हते, भावोजी. आता बघून बघून थरथरायला लागलेत.

तुम्ही तिथे होतात. ह्यांचा हुक उघडलेला तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलात का?

वहिनी

१४ एप्रिल

दादा,

सोबतच्या खोक्यात हिरवा मालडबा आहे. तो हरवला नव्हता. माझ्या लॅबमध्ये साच्यांच्या कपाटात, मागच्या बाजूला होता. मी रोज ते कपाट उघडतो.

डबा उलटा करून बघ. पंजाभोवती गुलाबी दिसेल. कवळीची हिरडी ज्या ॲक्रिलिकने करतात ते आहे ते.

प्रदर्शनाच्या सकाळी नऊ वाजेपर्यंत मी दुभाषाला हात लावला नव्हता. पंजा बसवला, उंची मोजली, खाली आला. तुझी चकत्यांची डबी समोरच होती. पण एक स्क्रू नुसताच फिरत होता, घट्ट होईना. मी भोक मोठं केलं, ॲक्रिलिक भरलं आणि पंजा त्यात दाबला. कवळी बसते, मग पंजा का बसणार नाही? सपाटीवर तीन फेऱ्या मारल्या, गाडी सुरेख धावली. सपाटीवर माणूस फसतो असं तू लिहिलं होतंस. ते वाक्य मला पाठ होतं, दादा. विसरलो असं म्हणून मी सुटणार नाही.

चढ लागला आणि माझ्या शेवटच्या डब्यातून दुभाषी निसटला. तुझा एकही हुक उघडला नाही. बाराही डबे एकमेकांना धरून मागे गेले, टेबलावरून खाली पडेपर्यंत.

काका गुडघ्यांवर बसून तुकडे हातरुमालात गोळा करत होते. माझे दोन्ही डॉक्टर माझ्या शेजारी उभे. सेक्रेटरींनी विचारलं, ‘डबे कुणाचे?’

मी म्हणालो, ‘माझ्या दादाचे.’

इथवर खरं होतं. इथेच थांबलो असतो तर.

‘हुक त्याने घरीच वाकवलेत,’ मी म्हणालो. ‘वय झालंय त्याचं. हात थरथरतो.’

हात थरथरतो हे मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं. तू दोन महिने ज्या हातांकडे बघतोयस, त्यांचा थरथराट माझ्या तोंडातून निघालाय. डॉक्टरांपैकी एक जण मान हलवून म्हणाला, ‘अरेरे, म्हातारपण.’ आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना कानशिलं तापलीत. पण त्या वेळी हायसंच वाटलं होतं.

तू इंजिन पाठवलंस तेव्हा बोलता आलं असतं. लेथ दिलास तेव्हाही. दर वेळी वाटायचं, आता सांगितलं तर ‘आधी का नाही सांगितलंस’ याचं उत्तर द्यावं लागेल. ते उत्तर दर आठवड्याला जास्तच घाणेरडं होत गेलं.

वहिनींनी मला पत्र लिहिलं, त्यांना रागावू नकोस. त्यांनी साधा एक प्रश्न विचारला. तो दोन महिन्यांत मला कुणीच विचारला नव्हता.

क्षमा मागावी असं मनात येतं, पण कोणत्या तोंडाने मागू?

छोट्या

२९ मे

छोट्या,

दीड महिना उत्तर दिलं नाही. मुद्दाम दिलं नाही.

तुझं पत्र मी तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवत होतो. ‘हात थरथरतो’ इथे मी कागद तिच्या हातात दिला. पुढचं तिने वाचलं.

डबा मोजला. पाऊण मिलिमीटर खाली. एक चकती आणि वर अर्धी.

इंजिनं पडतात. माणूस कंटाळा करतो, मीही आयुष्यात केलाय. कारखान्यात एकदा माझ्या चुकीने अख्खा दिवस वाया गेला आणि मी ते कबूल करायला संध्याकाळ केली. त्यामुळे डब्याचं मला काही नाही. पण तुला बोटाला धरून मी हातोडी कशी धरायची ते शिकवलं, आणि चारचौघांत बळी द्यायला तुला माझेच हात सापडले. तुझी लाज मला वाटते आहे, आणि ती माझ्या लाजेपेक्षा जड आहे.

मला कागदावर सांगितलंस. त्या हॉलमध्ये मात्र ते वाक्य अजून तसंच लटकतंय. जिथे बोललास तिथे, त्याच माणसांसमोर, काका असताना ते खाली उतरव. तोवर मला लिहू नकोस.

दादा

१८ जून

दादा,

काल मंडळाची मासिक सभा होती. दोन्ही डॉक्टरांना मीच आग्रहाने बोलावलं. त्यांना वाटलं पुन्हा गाडी चालवणार आहे.

सेक्रेटरी रंगाच्या डब्यांबद्दल बोलत होते. मी मध्येच उभा राहिलो. लिहून नेलं होतं, पण कागद वाचवेना, म्हणून तसाच बोललो. पंजा मी बसवला, खाली बसवला, ॲक्रिलिकने बसवला. दादाचे हुक शाबूत होते. त्याचा हात थरथरत नाही, ते मी खोटं बोललो.

कुणी ओरडलं नाही. ओरडायला हवं होतं.

काका म्हणाले, ‘चार महिने मी तुझ्या दादाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. रोज, दात घासताना. आता त्या परत कशा घेऊ, सांग.’

मी हातातला कागद घडी करत राहिलो.

मग ते म्हणाले, ‘त्यांच्या माफीच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. ते खोकं उघडलंसुद्धा नाही, माळ्यावर टाकलं. लाज काय तुलाच वाटते का?’

त्यांच्या इंजिनाच्या दुरुस्तीत हातभार लावतो असं म्हणून बघितलं. ‘तू नाही,’ एवढंच म्हणाले. मोठ्या डॉक्टरांनी काम देणं बंद केलंय. त्यांचा निरोप कंपाउंडरकडून आला. धाकटे मात्र आज स्वतः आले, दोन कवळ्यांचे साचे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, ‘या वेळी माप चुकलं तर मला आधी सांगा.’ ते गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि पहिल्या साच्याचं माप घ्यायला बसलो.

पुढच्या प्रदर्शनात गाडी चालवायची नाही असं मला कुणी सांगितलं नाही. मी स्वतःच नाव काढून घेतलं.

छोट्या

४ जुलै

छोट्या,

नकाशेवाले काका येऊन गेले. न कळवता आले. सहा तास बसमध्ये मांडीवर दोन खोकी घेऊन, एकात त्यांचं मोडकं इंजिन आणि दुसऱ्यात माझं काळं, न उघडलेलं. दारात उभं राहून काहीतरी बराच वेळ बोलले. मला ऐकू आलं नाही. ‘मोठ्याने बोला’ म्हटलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून म्हटलं, ‘राहू द्या, चहा घ्या.’

तीन दिवस राहिले. लेथ परत मागणं मला जमलं नसतं, दिलेली वस्तू ती. पण तंत्रशाळेच्या मास्तरांनी सकाळचे दोन तास वर्कशॉप उघडून दिलं. काकांच्या इंजिनाची चौकट आम्ही सरळ केली. बाकीचं वर्षभर चालेल. महिन्यातून एकदा येतो म्हणाले.

सिस्टरांना निरोप धाडला. तीन खुर्च्या झाल्या, आठ बाकी आहेत. तुला खरं सांगतो, कारण आता तुझ्यापासून काही झाकावंसं वाटत नाही. पूर्वी मी ब्रेक लावायचो, एकदा ओढून बघायचो आणि खुर्ची ढकलून द्यायचो. परवा पहिल्या खुर्चीचा ब्रेक सात वेळा ओढून बघितला. घरी आलो आणि पुन्हा जाऊन बघितला. ब्रेक ठीक होता. हे कधी जाईल, की जाणारच नाही, ते मला माहीत नाही. तुला दुखवायला लिहीत नाही. झालंय ते तुला माहीत असावं.

हिरव्या डब्यावरचं ॲक्रिलिक निघत नाही. तुझं काम पक्कं असतं, हे मात्र मान्य करायला हवं.

तुझी वहिनी म्हणते, भावोजींना बोलवा. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघून झालं असेल तर लिहा.

तर ये. पहिल्या दिवशी मी तुझ्याशी बोलेन असं वाटत नाही. म्हणून दोन दिवसांची सुट्टी काढून ये.

दादा